पावसाच्या पाण्याची वाट
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात सिरुसेरी येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संतवाङ्मय, नाट्यसंगीत, तंजावरची मराठी हस्तलिखिते अशा विषयांची अपेक्षा करून आलेल्या श्रोत्यांपुढे आम्ही गटार या विषयावर बोलावयास उभे राहिलो आहोत, याचा थोडा संकोच आम्हांलाही आहे. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो दबक्या आवाजातच सांगितला. ते मात्र हसले नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांच्याही स्वयंपाकघरात पाणी होते.

आमचा व्यवसाय बांधकामाचा नाही. आयुष्य हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेले, आणि निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीपायी आम्ही उभयता सिरुसेरीस येऊन राहिलो. तेव्हा पुढे जे सांगणार आहोत त्यातील निम्मे सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांनी शिकविलेले, आणि उरलेले निम्मे आमच्याच चुकीने शिकविलेले आहे.

प्रथम पंचांगाविषयी बोलू. आपल्या अंगात पावसाळा मुरलेला असतो तो मृगाचा. ज्येष्ठात कौले शाकारावयाची, पागोळ्यांखाली पिंपे मांडावयाची, आषाढश्रावणात घरात बसावयाचे आणि नवरात्र आले की पाऊस संपला असे समजावयाचे. येथे सारेच उलटे. चेन्नईच्या किनाऱ्याला वर्षभरात जो सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस मिळतो, त्याचा मोठा वाटा ईशान्य मोसमी वारे ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत आणून टाकतात. तमिळ पंचांगातील ऐप्पसि आणि कार्तिगै हे येथील खरे पावसाळ्याचे महिने. म्हणजे आपल्या घरी आकाशकंदील टांगण्याची वेळ आणि गटार तुंबण्याची वेळ एकच. पहिल्या वर्षी आम्ही मे महिन्यात मोठ्या उत्साहाने गच्ची झाडून घेतली, आणि पाच महिन्यांनी खरा पाऊस आला तेव्हा गच्चीच्या जाळीवर कढीलिंबाच्या पानांचा थर साचलेला होता. गणपती उठल्यानंतरचा पितृपक्षाचा पंधरवडा हा येथे नळ-गटारे साफ करण्याचा उत्तम काळ होय. त्या पंधरवड्यात आपण शुभकार्य करीत नाही हे खरे. परंतु गटार उपसणे हे शुभकार्य आहे असे अद्याप कोणी म्हटलेले आमच्या ऐकिवात नाही.

आता भूगोल. आपल्या घराच्या पन्हळीतून पडलेला थेंब कोठे जातो, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? सातारा-सांगलीकडच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, कारण तेथे उतार डोळ्यांना दिसतो. पाणी ओढ्याला, ओढा नदीला. सिरुसेरीची जमीन मात्र ताटासारखी सपाट. पूर्वीच्या लोकांनी या सपाटीवर एरी, म्हणजे मातीच्या बांधाचे तलाव, साखळीने बांधले. एक भरला की त्याचे जास्तीचे पाणी सांडव्यावरून पुढच्याकडे जावयाचे. सिरुसेरी, तळंबूर, पडूर या गावांना अशा एऱ्या आहेत. त्यांना जोडणाऱ्या चरांना येथे कालवाय म्हणतात. आपल्या कालव्याचे हे भावंड कानाला लगेच ओळखू येते. या चरांतून आणि रस्त्याकडेच्या गटारांतून निघालेले पाणी शेवटी पूर्वेकडे बकिंगहॅम कालव्यात उतरते आणि मुट्टुकाडूच्या खाडीतून समुद्राला मिळते. उत्तरेकडील पळ्ळिकरणै दलदलीचे पाणीही ओक्कियम मडुवूमार्गे याच कालव्यात येते आणि याच खाडीची वाट धरते.

या कालव्याविषयी जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. चेन्नई शहरातील अड्यार आणि कूवम या नद्यांना जोडणारा त्याचा तुकडा १८७७-७८ साली दुष्काळी काम म्हणून खणला गेला. हा तोच दुष्काळ, ज्याने आपल्याकडे सोलापूर-नगरचा मुलूख होरपळून काढला होता. पाण्यावाचून मरणाऱ्या माणसांनी खणलेला चर आज आपल्या अतिरिक्त पाण्याची वाट झाला आहे. असो.

हा भूगोल आम्ही मुद्दाम सांगितला. घराचे गटार तुंबले की आपण घराच्या टोकापासून शोध सुरू करतो. पुष्कळदा दोष दुसऱ्या टोकाला असतो. कालवा काठोकाठ भरला असेल, समुद्राला भरती असेल, तर रस्त्याचे गटार कितीही स्वच्छ असले तरी पाणी घेणार नाही. मुंबईकरांना हे वेगळे सांगावयास नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहरातील जुन्या पर्जन्यवाहिन्या मात्र ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. नंतर नेमलेल्या माधवराव चितळे यांच्या समितीचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. चेन्नईनेही १ डिसेंबर २०१५ चा पाऊस पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत तांबरम येथे ४९ सेंटिमीटर पावसाची नोंद झाली.

हे आकडे घराच्या मापात आणून पाहावेत. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. एक हजार चौरस फुटांची गच्ची धरा. ताशी ५० मिलिमीटरची सर एक तास पडली तर गच्चीवरून सुमारे ४६०० लिटर पाणी उतरते. म्हणजे पंधरा लिटरची एक बादली दर अकरा-बारा सेकंदांना कोणीतरी अंगणात ओतीत आहे असे समजा. तांबरमचा तो एका दिवसाचा पाऊस त्याच गच्चीवर पडता तर साडेपंचेचाळीस हजार लिटर झाला असता. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे जलाशय आटले, तेव्हा पाण्याच्या टँकरमागे धावलेल्या गृहिणी येथे बसल्या आहेत. किती टँकर झाले याचा हिशेब त्याच करतील.

आता आमची हकिगत. ती सांगताना आम्हांला आनंद होत नाही.

आमच्या फाटकापुढून रस्त्याकडेचे पावसाळी गटार जाते. मोटार आत घेताना चाके आपटत, म्हणून २०२२ साली आम्ही एका गवंड्याकडून गटारावर रुंद उतरता ओटा घालून घेतला. काँक्रीट चांगले जाड, वर रंगीत फरश्या. झाकण ठेवावे का, असे गवंड्याने विचारले होते. फरशीच्या नक्षीत ते वाईट दिसेल म्हणून आम्हीच नको म्हटले. ओट्याखाली टेकूसाठी लावलेल्या फळ्या त्याने काढल्या की नाहीत, हे आम्ही पाहिले नाही. झाकण नसल्यामुळे पुढेही कधी पाहता आले नाही.

३ डिसेंबर २०२३ च्या रात्री मिचाँग चक्रीवादळाचा पाऊस सुरू झाला. आमच्या वरच्या अंगाला एक वृद्ध तमिळ बाई राहतात. त्यांना सारी गल्ली पाट्टी, म्हणजे आजी, म्हणते. पहाटे त्यांच्या घरात पाणी शिरले. आमच्या घरात शिरले ते त्यानंतर तीन तासांनी. खालच्या अंगाची घरे मात्र दुपारपर्यंत कोरडी होती. त्या वेळी आम्ही आमच्या परीने अंदाज बांधला की पाट्टींचे घर सखल असावे. हिशेब तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाला एवढी साधी बेरीज दिसू नये! वरची दोन घरे बुडतात आणि खालची कोरडी राहतात, तेव्हा अडथळा त्या दोहोंच्या मधे असतो. आणि मधे आमचा ओटा होता.

दोन दिवसांनी पाणी ओसरले. पाट्टींच्या तांदळाच्या गोण्या भिजल्या होत्या, शिवणयंत्राचा पाय गाळात रुतला होता. ते यंत्र त्यांच्या सासूबाईंचे. आमच्या सौभाग्यवती मदतीस गेल्या तेव्हा पाट्टींनी त्यांना आधी गरम कॉफी दिली. कोणावरही ठपका ठेवला नाही. गल्लीतली मंडळी पंचायतीकडे तक्रार करावयास निघाली, तेव्हा अर्जावर पहिली सही आमची होती, हेही येथे कबूल केले पाहिजे.

सही करून परतताना आमच्या त्या अभियंता स्नेह्यांनी विचारले, “अहो, खालच्या बाजूची झाकणे उघडून पाहिलीत का?” आम्ही म्हटले, “खाली कशाला? पाणी तर वर तुंबले आहे.” ते म्हणाले, “म्हणूनच खाली पाहावयाचे.”

त्यांनी सांगितलेली रीत अशी. घराच्या आवारातील नळावर ठिकठिकाणी ज्या कुंड्या असतात, ज्यांना आपण सर्रास चेंबर म्हणतो, त्या शेवटच्या टोकापासून वर उघडीत यावे. एक कुंडी कोरडी आणि तिच्या वरची भरलेली सापडली की अडथळा त्या दोहोंच्या मधल्या नळात आहे. सगळ्याच भरलेल्या असतील आणि रस्त्याचे गटारही भरलेले असेल, तर दोष आपल्या आवाराबाहेर आहे. मग आपल्या नळात बांबू घालून काही उपयोग नाही. सगळ्याच कोरड्या असून अंगणात पाणी उभे असेल तर वरची जाळी बुजली आहे किंवा फरशीचा ढाळ चुकला आहे. काळाचेही भान ठेवावे. सर थांबताच पाणी अर्ध्या घटकेत उतरत असेल तर वाट मोकळी आहे पण अरुंद; दिवसभर तसेच राहात असेल तर वाटच बंद आहे.

अडथळा सापडल्यावर काढावयाचा कसा? एकमेकांत पिळून जोडता येणाऱ्या लवचीक काठ्या मिळतात. त्यांच्या टोकाला रबरी चकती किंवा मळसूत्र लावता येते. काठ्या सरकविताना त्या नेहमी उजवीकडेच फिरवाव्यात. डावीकडे फिरविल्या की जोड सुटतो आणि काठीचा तुकडा नळातच राहतो, म्हणजे एका अडथळ्याचे दोन होतात. खालच्या कोरड्या कुंडीच्या तोंडाशी जाळी धरावी, नाही तर सुटलेला गाळ पुढच्या नळात जाऊन बसतो. पाणी एकदम सुटते, म्हणून तोंडासमोर उभे राहू नये. स्वयंपाकघराच्या मोरीत ओततात तसे तेजाब किंवा पूड पावसाळी गटारात ओतू नये. येथे तुपातेलाचा चिकटा नसतो. असते ती वाळू, पाने, झाडांची मुळे आणि सिमेंट. हे शेवटचे सर्वांत वाईट. सिरुसेरीत कोठे ना कोठे बांधकाम चालूच असते, आणि संध्याकाळी गवंडी आपली घमेली नेमकी गटाराच्या जाळीवर धुतात. ते पाणी नळात थिजून दगड होते. मग नळ बदलण्यावाचून गत्यंतर नाही. घरात काम निघाले की पहिल्याच दिवशी घमेली धुण्याची जागा वेगळी नेमून द्यावी; हे वाक्य आमच्या सौभाग्यवती आता तमिळमध्ये न अडखळता म्हणतात.

नळाचा ढाळ मीटरला एक सेंटिमीटर असला तरी चालतो. पण तो असावा लागतो. अंगणात फरशा बदलताना पुष्कळ घरी तो नाहीसा होतो.

गच्चीचे पाणी आणि संडास-न्हाणीचे पाणी यांची गल्लत हा दुसरा मोठा दोष. पावसात न्हाणीच्या जाळीतून उलटे पाणी वर येत असेल, तर बहुधा कोणीतरी पन्हळीचा नळ मैल्याच्या कुंडीत सोडलेला असतो. याची परीक्षा सोपी आहे. रंगपंचमीचा उरलेला रंग बादलीभर पाण्यात कालवून गच्चीच्या नळात ओतावा आणि तो कोणत्या कुंडीत उतरतो ते पाहावे. मैल्याच्या कुंडीत उतरला तर तो जोड त्याच आठवड्यात तोडावा, पुढच्या पावसाची वाट पाहू नये.

रस्त्याचेच पाणी आत येत असेल तेथे उलट प्रवाह अडविणारी झडप शेवटच्या कुंडीत बसविता येते. ती विकणारे एक गोष्ट सांगत नाहीत. झडप मिटली की बाहेरचे पाणी आत येत नाही, तसेच तुमच्या गच्चीचे पाणीही बाहेर जात नाही. आपल्याच पाण्यात बुडण्याची पाळी येते. म्हणून त्या काळापुरती पाण्याला घरात जागा हवी. पावसाचे पाणी साठविणे किंवा मुरविणे तमिळनाडूत २००३ पासून सर्व इमारतींना सक्तीचे आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी तो खड्डा आहे, परंतु त्यातील वाळू बांधल्यापासून बदललेली नाही. गच्चीचे पाणी आधी विहिरीकडे किंवा टाकीकडे, तेथून उरेल ते मुरण्याच्या खड्ड्यात, आणि त्यातूनही उरेल तेवढेच गटारात, असा क्रम ठेवावा. डिसेंबरात भूजलच वर आलेले असते, तेव्हा खड्डाही हात टेकतो, हे खरे. पण पहिल्या दोन महिन्यांच्या सरी तो पचवितो, आणि एप्रिलात त्याची आठवण येते.

आता ज्या प्रसंगासाठी आम्ही हा विषय घेतला, त्याकडे येतो.

ओट्याखाली काहीतरी अडकले आहे हे कळल्यावर आम्ही एक मजूर बोलावला. वय असेल पंचविसाच्या आतबाहेर. त्याने खालच्या बाजूच्या झाकणातून वाकून पाहिले आणि म्हणाला, “सार, ओटा फोडू नका, खर्च होईल. मी आत सरपटत जातो, दहा मिनिटांत काढतो.” गटार जेमतेम दोन फूट रुंद. आम्ही फरश्यांकडे पाहिले. खरे सांगतो, मनाने त्या क्षणी हिशेब केला: फरश्या, काँक्रीट, पुन्हा गवंडी, आणि त्याच्या हातावर पाचशे रुपये. आम्ही होकारार्थी मान हलविलीही असती. तेवढ्यात पाट्टींचा मुलगा पुढे झाला. त्याने त्या मजुराला दंडाला धरून मागे घेतले आणि आमच्याकडे वळून इतकेच म्हणाला, “अंकल, आत जायचे असेल तर आधी तुमच्या मुलाला बोलवा.”

दोन दिवस कोंडलेल्या पाण्यात पाने आणि घाण कुजते, आणि तेथे हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. थोडा असताना तो सडक्या अंड्यासारखा नाकाला झोंबतो. फार असला तर घ्राणशक्तीच बधिर करतो, म्हणजे वास थांबला की माणसाला वाटते हवा चांगली झाली. आत गेलेला पहिला माणूस पडतो, त्याला काढावयास दुसरा उतरतो आणि तोही पडतो. मैल्याच्या गटारात व टाकीत माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरविली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. त्या निकालाला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. आम्ही वर्तमानपत्र रोज वाचतो. ती बातमीही वाचली होती. आमचे गटार पावसाचे, मैल्याचे नव्हे, अशी पळवाट मनाशी काढता आली असती. पण वरच्या दोन घरांच्या न्हाण्या त्यातच सोडलेल्या आहेत हे सर्वांना ठाऊक होते, आणि नसते तरी वायूला त्याचे काय!

ओटा फोडला. दीड दिवस लागला. आतून निघाल्या त्या गवंड्याने न काढलेल्या तीन फळ्या, त्यांना अडकलेल्या नारळाच्या झावळ्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि मागच्या दसऱ्याच्या आमच्याच दाराच्या तोरणाची दोरी. फळ्या निघताच वरचे पाणी खळाळून गेले. पाट्टी दारात उभ्या राहून पाहात होत्या. आम्ही त्यांच्यापुढे हात जोडले. तमिळमध्ये क्षमा मागावयाचे चार शब्द आम्हांला तेव्हा येत नव्हते. ते त्यांच्या मुलाने सांगितले. पंचायतीकडच्या अर्जावरील आमची सही आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन मागे घेतली आणि खरे काय घडले ते लेखी दिले.

आता तेथे लोखंडी जाळीची उचलती झाकणे आहेत. दोन माणसे आकड्यांनी ती सहज काढतात. मोटारीची चाके आपटतात. झाकण उघडले की त्याभोवती खुर्च्या उलट्या मांडून दोरी बांधतो आणि काम संपेपर्यंत एक माणूस तेथून हलत नाही. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत साचलेल्या पाण्यातून घरी चाललेले डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, ते आपण विसरलेलो नाही. आणि घरात पाणी शिरू लागले तर त्यात पाय घालण्यापूर्वी विजेची मुख्य कळ बंद करावी, हे घरातील लहान मुलांनासुद्धा शिकवून ठेवावे.

येत्या पितृपक्षातील पहिल्या रविवारी आमच्या गल्लीतील सर्व झाकणे सकाळी सात वाजता उघडली जातील. काठ्यांचा संच मंडळाच्या कपाटात ठेवला आहे. ज्या सभासदांना आपल्या घरासाठी हवा असेल त्यांनी कार्यवाहांच्या वहीत नाव लिहून न्यावा आणि धुऊन परत आणावा. त्या दिवशी न्याहारीची इडली पाट्टींकडे आहे, आणि सौभाग्यवतींनी थालीपिठाची भाजणी आताच दळून आणली आहे.